राणी आला

अंड्यातून निघाली तेव्हा ती राणी होती.
मुठीत मावेल एवढी, पिवळी.
शर्वरीने बुटाच्या खोक्यावर खडूनं नाव घातलं,
खाली मुकुटही काढला.
सोळाव्या आठवड्यात, एका मंगळवारी,
पावसाच्या पिंपावर चढून तिनं गळा ताणला
आणि गंजकं बिजागर करकरावं तसं काहीतरी म्हणाली.
म्हणाला.

नाव बदलायला शर्वरी तयार होईना,
मग आम्ही क्रियापद बदललं.
राणी आला. राणी भांडला. राणी कुठं गेला बघ गं.
हे गावही तसंच आहे,
लिहायचं लिओमिन्स्टर आणि म्हणायचं लेम्स्टर.
इथं कुणाला काही खटकलं नाही.

मार्चमध्ये त्याला माझे गमबूट दिसू लागले.
एक पंख जमिनीला घासत, तिरका तिरका यायचा,
जसं काही दुसरंच काम आहे,
आणि एकदम दोन्ही पायांनी पोटरीवर.
पहिल्या दिवशी मी पळाले.
ते त्यानं लक्षात ठेवलं.
दुसऱ्या दिवशी खराटा उगारला.
तेही.

पाच जणींच्या पाठी सोलवटून निघाल्या होत्या.
तांबीची तर कातडी दिसायची, गुलाबी, थंडीत शहारलेली.
मला आता न होणारा खणाचा पोलका उसवला,
त्याच्या पाच झुली शिवल्या, पंखांखालून नाडी.
सफरचंदाच्या झाडाखाली, चिखलात,
हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या पाच कोंबड्या.
पोस्टमन सायकल थांबवून बघत राहिला.

पलीकडची ग्लेनिस प्रॉसर कुंपणावरून म्हणाली,
मागं सरू नकोस. मारूही नकोस. उचल.
आली, वाकली, आणि वर्तमानपत्राची घडी घालावी
तसे पंख मिटून त्याला बगलेत मारलं.
असाच घेऊन फिर. बादल्या भर, कपडे वाळत घाल.
त्या पाच जणींना दिसू दे.
आणि नाहीच सुधारला तर,
म्हणत तिनं माझ्या हातात एक मोठं पातेलं दिलं.
जड. बुडाला काळं.

तेव्हापासून रोज सकाळी वीस मिनिटं
माझ्या बगलेत राणी.
फोन कानाला, व्याजदर विचारतेय बँकेला,
आणि फासळ्यांना लागून ते इवलं इंजिन
धाडधाड, धाडधाड,
मग सावकाश.
एवढा तापट जीव, आणि वजन म्हणाल
तर अडीच किलो, त्यातही निम्मी पिसं.
घाबरलेला होता का तो? मी ग्लेनिसला विचारलं.
कोण, तो की तू, म्हणाली.

चौदा नंबरच्या घरातून चिठ्ठी आली, अतिशय सभ्य.
पहाटे साडेतीन. पुन्हा चार दहा.
कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही,
ही म्हण मला तिसरीपासून पाठ.
पण ती म्हणणाऱ्यांपैकी
खरोखर कोंबडं झाकलेलं कुणी भेटलं नव्हतं.
मी झाकते. रोज रात्री.
खोक्याला छत बुटकं, आतून घोंगडी,
मान ताणता आली नाही की बांग निघत नाही.
तांबडं फुटतं, अर्थात.
डिसेंबरात तर आठ वाजता, आणि राखाडी फुटतं.
त्याबद्दल चौदा नंबरची तक्रार नाही.

आज त्याला गांडूळ सापडलं.
स्वतः नाही खाल्लं. टुक टुक टुक करत
चोचीनं उचललं, टाकलं, उचललं, टाकलं,
तांबी खणाची झूल सावरत आली आणि गिळून गेली, न बघता.
मग त्याची नजर वर आली. माझे गमबूट.
पंख खाली उतरू लागला.
मी हलले नाही.
तो थांबला, आणि जमिनीवर नसलेला एक दाणा
फार मन लावून टिपला.

उद्याचं मला माहीत नाही.
पातेलं ग्लेनिसनं अजून परत मागितलेलं नाही.
सध्या त्यात आम्ही बटाटे उकडतो.